वाईच्या गॅरेजमध्ये नऊ दिवस : घाटात तापणाऱ्या जुन्या मारुती ८०० च्या दुरुस्तीचा अनुभव

माझ्याकडे १९९९ सालची, कार्ब्युरेटरवर चालणारी मारुती ८०० आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर करावी लागणारी पुनर्नोंदणी तिची आतापर्यंत तीन वेळा झाली असून प्रत्येक वेळी पर्यावरण कर भरताना घरच्या मंडळींनी ती विकून टाकण्याचा आग्रह धरला आहे. मी ती विकलेली नाही. मात्र गेल्या मे महिन्यात पसरणी घाटात भर दुपारी बॉनेटखालून वाफ येऊ लागली, तेव्हा तो आग्रह मानला असता तर बरे झाले असते असे मला प्रथमच वाटले. त्या दिवशी गाडी ओढून ज्या गॅरेजमध्ये न्यावी लागली, त्या वाईतील गॅरेजच्या कामाविषयी हे लिहीत आहे. गॅरेजचे नाव लिहू नये अशी मालकांची विनंती आहे, कारण हाताखाली दोनच मुले असून आहे तेवढ्याच कामाला दिवस अपुरा पडतो, असे त्यांचे म्हणणे. वाई परिसरात जुन्या गाड्या बाळगणाऱ्या कोणालाही विचारले तरी ते गॅरेज कोणते हे कळेल.

गाडी तापण्याची तक्रार नवी नव्हती. साधारण दोन वर्षांपूर्वी सातारा ते महाबळेश्वर या प्रवासात तापमानाचा काटा प्रथम नेहमीची जागा सोडून वर सरकला होता. गावात भाजी आणायला, बँकेत जायला गाडी वापरली तर काटा शांत असे, महामार्गावर साठच्या वेगाने गेलो तरीही तो हलत नसे, परंतु घाट लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगाने दोन-तीन किलोमीटर चढण झाली की तो हळूहळू लाल रेषेकडे जाऊ लागे. उतार लागताच पुन्हा खाली येई. या तक्रारीवर मी साताऱ्यातील तीन निरनिराळ्या ठिकाणी उपाय करून घेतले. पहिल्या ठिकाणी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी आणि आपल्याकडे सर्रास 'व्हॉल्व' म्हटली जाणारी झडप, काढून टाकण्यात आली आणि आपल्या हवेत त्याची गरजच नसते असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटरचा पंखा 'डायरेक्ट' करण्यात आला, म्हणजे पाणी ठरावीक तापमानाला पोचल्यावर पंखा सुरू करणारा स्विच बाजूला ठेवून चावी फिरवताच पंखा सुरू व्हावा अशी जोडणी झाली. तिसऱ्या ठिकाणी रसायन घालून रेडिएटर धुण्यात आला, आणि तरीही फरक पडला नाही तेव्हा 'हेड गॅस्केट गेले आहे, हेड उतरवावे लागेल' (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो व खालचा भाग यांमधील सांधा बंद ठेवणारा पातळ थर) असे निदान होऊन चौदा हजार रुपयांचा अंदाज माझ्या हाती देण्यात आला. तो खर्च करावा की नाही या विचारात असतानाच पसरणी घाटातील प्रसंग घडला.

त्या प्रसंगात माझी एक चूक झाली, ती येथे नोंदवणे योग्य होईल. काटा तीन चतुर्थांशाच्या पुढे गेला तेव्हाच गाडी थांबवायला हवी होती. वरच्या वळणावर सावली आहे, तेथे थांबू, असे म्हणत मी आणखी एक किलोमीटर गाडी चढवली. वाफ निघाल्यावर मात्र मी इंजिन बंद केले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, एवढे तरी शहाणपण सुचले. गरम रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या पुढे तापूनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उसळून अंगावर येते. हात आणि चेहरा भाजल्याची अनेक उदाहरणे अशीच घडतात.

गॅरेजमध्ये गाडी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, एकवार नजर फिरवली आणि पुन्हा अर्धे मिटून ठेवले. "काका, आज काही कळायचं नाही. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी मी स्वतः झाकण उघडणार, त्याआधी कुणी पाणी घालू नका," एवढेच ते म्हणाले. त्या क्षणी मला हे टाळाटाळीचे वाटले. सकाळी मात्र त्यांचा आग्रह का होता ते कळले, कारण रात्रभर थंड झालेल्या गाडीने जे सांगितले ते गरम गाडीने सांगितलेच नसते.

सकाळी पहिली वीस मिनिटे त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडी चढाला तापते की रहदारीत, उतारावर काटा किती वेळात खाली येतो, हिवाळ्यात काटा कुठवर जातो, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून ओढायची कळ) किती वेळ ओढून ठेवावा लागतो, पाणी कोठले घालता, किती दिवसांनी घालता, आणि पाणी पाहता म्हणजे नेमके कोठे पाहता, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि माझी उत्तरे एका वहीत लिहून घेतली. शेवटच्या प्रश्नाला मी सांगितले की बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीत पाहतो आणि ती नेहमी भरलेली असते. त्यावर ते हसले. नंतर त्यांनी रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारी वरची रबरी नळी दाखवली. ती मधोमध चपटी झाली होती, जणू कोणी आतून हवा शोषून घेतली आहे. अशी चपटी नळी मी सकाळी अनेकदा पाहिली होती आणि रबर जुने झाले आहे एवढाच त्याचा अर्थ लावला होता. झाकण उघडताच 'फुस्स' असा आवाज होऊन नळी पुन्हा गोल झाली, आणि आत पाहिले तर पाण्याची पातळी रेडिएटरच्या वरच्या टाकीच्याही खाली होती. बाजूची प्लॅस्टिकची टाकी तेव्हाही काठोकाठ भरलेली होती.

रेडिएटरच्या झाकणाला दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढला की उघडते आणि जादा पाणी बाजूच्या टाकीत सोडते. माझ्या गाडीच्या झाकणावर त्यासाठी ०.९ असा आकडा आहे. छोटी झडप उलट दिशेने काम करते : इंजिन थंड होताना पाणी आकसते, आत पोकळी निर्माण होते, तेव्हा ती उघडून टाकीतील पाणी परत रेडिएटरमध्ये घेते. माझ्या झाकणाची ही छोटी झडप गंजून चिकटली होती. त्यामुळे पाणी बाहेर जात होते, पण परत येत नव्हते. थंड होणारे इंजिन मग नळी दाबून घेत होते आणि जेथे जेथे क्लिप किंचित सैल होती तेथून हवा आत ओढत होते. बाहेर थेंबभरही न गळणारा जोड आत हवा खेचू शकतो, हे मला त्या दिवशी समजले. प्रत्येक फेरीनंतर रेडिएटर थोडा थोडा रिकामा होत होता आणि मी भरलेली टाकी पाहून निश्चिंत होत होतो. झाकणाची किंमत १९० रुपये. तीन ठिकाणी दुरुस्ती झाली, परंतु झाकणाची ही बाजू कोणीही तपासली नव्हती.

हे कारण सापडल्यावर काम संपले असे मला वाटले. मिस्त्रींना तसे वाटत नव्हते. झाकणामुळे गाडी कधीतरी तापेल, पण घाटातच तापते आणि महामार्गावर तापत नाही याचे उत्तर त्यातून मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पाणी भरले, इंजिन सुरू केले, आणि त्यानंतर जे केले ते मी आजवर कोणत्याही गॅरेजमध्ये पाहिलेले नाही. बाकावर पडलेल्या वर्तमानपत्राचे एक पान फाडून त्यांनी ते समोरच्या जाळीवर, रेडिएटरच्या तोंडाशी धरले आणि हात सोडला. पान जाळीला चिकटून राहायला हवे होते, कारण या गाडीचा पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि समोरची हवा आत ओढून घेणे हे त्याचे काम. पान चिकटले तर नाहीच, उलट फडफडत माझ्या पायाशी येऊन पडले.

"फॅन फिरतोय हे खरं. पण वारा कुणीकडं जातोय, ते बघितलं का कुणी?" हे त्यांचे वाक्य मी तसेच्या तसे देत आहे.

पंखा 'डायरेक्ट' करताना दोन तारांची अदलाबदल झाली होती. या पंख्याची मोटार डीसी, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या विद्युतप्रवाहावर चालणारी असते. तारा उलट जोडल्या की ती थांबत नाही, उलट दिशेने फिरू लागते. आवाज जवळजवळ तसाच येतो आणि वरून पाहणाऱ्याला पाती फिरताना दिसतात, त्यामुळे शंका येत नाही. किंबहुना चावी फिरवताच येणारा पंख्याचा आवाज ऐकून दीड वर्ष मला धीरच येत असे. आता घाटाचे कोडे सुटले. महामार्गावर समोरून येणारा वारा इतका जोरदार असतो की उलट्या पंख्याला तो दाद देत नाही. गावात इंजिनावर भारच कमी आणि फेऱ्याही तीन-चार किलोमीटरच्या, त्यामुळे तापण्याइतका वेळच मिळत नाही. घाटात मात्र वेग वीस-पंचवीसचा, इंजिनावर पूर्ण भार, आणि समोरून येणारा जो थोडासा वारा असेल त्याला पंखा मागून ढकलत बाहेर काढणार. रेडिएटरमधून हवा जवळजवळ जातच नव्हती. पहिला दोष कदाचित केवळ झाकणाचा आणि रेडिएटरमधील क्षाराचा असावा; दुरुस्तीने त्यात पंख्याच्या दोषाची भर घातली आणि नंतरच्या प्रत्येकाने आधीच्याचे काम बरोबर आहे असे गृहीत धरले.

यानंतर हेड गॅस्केटचा प्रश्न होता, आणि या गॅरेजला मी सर्वाधिक गुण येथे देतो. गाडी एकदा उकळली म्हटल्यावर अॅल्युमिनियमचे हेड वाकण्याची आणि गॅस्केट उडण्याची भीती खरी असते, आणि हेड उतरवण्याच्या कामात गॅरेजची मजुरीही चांगली असते. माझ्या हातात आधीचा अंदाज होताच. मिस्त्रींनी 'हो' म्हटले असते तर मी पैसे दिले असते. त्यांनी प्रथम ऑइलची दांडी आणि ऑइल भरण्याचे झाकण पाहिले; ऑइलमध्ये पाणी मिसळले की झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, साईसारखा थर दिसतो, तसा तो नव्हता. मग रेडिएटरच्या तोंडावर काचेची एक नळी बसवली, तिच्यात निळा द्रव होता. गॅस्केट फुटले असेल तर सिलिंडरमधील जळलेला वायू पाण्यात शिरतो, आणि त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे हा निळा द्रव पिवळा होतो. दहा मिनिटे इंजिन चालवून आणि नळीच्या रबरी फुग्याने वरची हवा द्रवातून ओढूनही रंग निळाच राहिला. शेवटी तिन्ही प्लग काढून त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले. आकडे १२, ११.८ आणि १२ असे आले. तिन्हींमध्ये मोठा फरक नव्हता. "हेडला हात लावायचा नाही," असा निर्णय त्यांनी दिला, आणि पुढे असेही बजावले की दोन महिन्यांत पाणी कमी होऊ लागले, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला किंवा थंड गाडी सुरू करताच लगेच वरची नळी टणक होऊ लागली, तर हीच चाचणी पुन्हा करू, कारण उकळलेल्या गाडीचे गॅस्केट कधीकधी नंतरही दगा देते.

रेडिएटरची तपासणी तुलनेने सोपी होती. बंदुकीसारख्या तापमापकाने त्यांनी जाळीवर निरनिराळ्या ठिकाणी तापमान पाहिले. वरचा भाग तापलेला होता, परंतु डाव्या बाजूचा खालचा तिसरा हिस्सा हाताला कोमट लागावा इतकाच. म्हणजे त्या भागातील नळ्यांतून पाणी फिरतच नव्हते. माझा रेडिएटर जुन्या पद्धतीचा, तांब्या-पितळेचा आहे, आणि हे त्याचे भाग्य म्हणायचे. अलीकडच्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे आत क्षार साठला की बहुधा तो बदलावाच लागतो. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी मात्र डाख सोडवून उघडता येते, प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवून आतला थर खरवडता येतो आणि टाकी पुन्हा डाख लावून बसवता येते. याला रॉडिंग म्हणतात, आणि हे काम करणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. वाईच्या गॅरेजने ते काम साताऱ्यातील एका वयस्कर रेडिएटरवाल्याकडे पाठवले. टाकी उघडल्यावर आत काय निघाले याचे छायाचित्र त्यांनी मला मोबाइलवर पाठवले : पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी बसतो तसा पांढरट, मधूनच तांबूस थर, काही नळ्यांची तोंडे पूर्ण बंद. माझ्या घरी बोअरचे पाणी आहे, आणि गेली कित्येक वर्षे मी तेच निश्चिंतपणे रेडिएटरमध्ये ओतत होतो. ज्या पाण्याने बादलीला सहा महिन्यांत पांढरे कडे धरते, ते पाणी इंजिनात काय करत असेल हा विचार मला कधी शिवला नाही, याचे आता नवल वाटते.

थर्मोस्टॅटच्या बाबतीत मिस्त्रींशी माझा थोडा वाद झाला. काढलेला व्हॉल्व पुन्हा कशाला बसवायचा, तो अडकला तर गाडी पुन्हा तापेल, असे मी म्हणत होतो. त्यांचे उत्तर असे होते की इंजिनाला जसे जास्त तापणे वाईट, तसेच थंड राहणेही वाईट. व्हॉल्व नसेल तर सकाळी पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये फिरते, इंजिनाला योग्य तापमानाला पोचायला फार वेळ लागतो, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते. हे ऐकल्यावर मी माझ्या वहीतील नोंदी पाहिल्या. व्हॉल्व काढल्यानंतरच्या हिवाळ्यात गाडीची सरासरी लिटरला अठरावरून पंधरावर आली होती, आणि मी त्याचा दोष पेट्रोल पंपाला देत होतो. नवा व्हॉल्व बसवण्यापूर्वी त्यांनी तो दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात तापत ठेवलेल्या पाण्यात सोडला आणि तापमापक लावून तो कधी उघडतो ते मला दाखवले. त्यावर ८२ असा आकडा कोरलेला होता आणि त्याच सुमारास तो उघडू लागला. नवा भागही तपासल्याशिवाय बसवायचा नाही, ही सवय मला फार आवडली. त्यानंतर त्याच पातेल्यात चहा झाला की काय, याची चौकशी मी केली नाही.

कूलंटविषयीही त्यांचे मत स्पष्ट होते. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंटची गरज नाही, हा समज चुकीचा आहे, कारण त्यातील गंजरोधक द्रव्ये आणि वाढलेला उत्कलनबिंदू यांची गरज आपल्याला थंड प्रदेशापेक्षा कमी नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन निव्वळ कूलंट भरणेही चुकीचे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी हे कूलंटमधील ग्लायकोल या द्रवापेक्षा सरस असते. त्यांनी निम्मे कूलंट आणि निम्मे बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी असे मिश्रण भरले, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवले, आणि अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाईपर्यंत झाकण उघडे ठेवून थोडे थोडे मिश्रण घालत राहिले. पंखा त्यांनी पुन्हा मूळच्या पद्धतीने स्विचवर आणला, नवा स्विच आणि रिले बसवला, आणि तारा सरळ जोडल्यावर तेच वर्तमानपत्राचे पान पुन्हा जाळीवर धरून दाखवले. या वेळी ते असे चिकटले की ओढून काढावे लागले.

या गॅरेजची सर्वांत उल्लेखनीय गोष्ट म्हणजे काम झाल्यावरची चाचणी. घाटात बिघडलेली गाडी गॅरेजच्या दारात उभी करून दुरुस्त झाली म्हणता येत नाही, असे मिस्त्री मानतात. दुपारी दोन वाजता, म्हणजे ऊन सर्वांत कडक असताना, त्यांनी दोन्ही मुलांना मागे बसवले, मला शेजारी घेतले आणि गाडी पसरणी घाटाला लावली. वाई ते पाचगणी हा चढ सुमारे सहाशे मीटरचा आहे. तेराशे मीटरच्या आसपास असलेल्या पाचगणीत उघड्या भांड्यातील पाणी शंभरऐवजी सुमारे पंच्याण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळते, त्यामुळे घाटमाथ्याकडे जाताना झाकणाने धरलेल्या दाबाचे महत्त्व वाढतच जाते. त्यांनी मुद्दाम दुसरा गिअर सोडला नाही. जेथे माझी गाडी बंद पडली होती त्या वळणावर त्यांनी इंजिन चालू ठेवून गाडी थांबवली, खाली उतरले आणि तापमापक लावला. काटा अर्ध्यावर होता. मिनिटाभरात पंखा सुरू झाला, दोन मिनिटांनी बंद झाला, पुन्हा काही वेळाने सुरू झाला. खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी उन्हात चमकत होते, पण आमच्यापैकी कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. चौघेही पंख्याच्या आवाजाकडे कान देऊन उभे होतो. पाचगणीला पोचून चहा घेतला, परत आलो, गाडी थंड झाल्यावर झाकण उघडून पातळी पाहिली, बोटभरही कमी झालेली नव्हती.

एकूण बिल ६,२२० रुपये झाले. त्यात तपासणीचे ६०० रुपये वेगळे लावलेले होते आणि मजुरीचे १,५०० वेगळे. रेडिएटरचे काम १,४००, थर्मोस्टॅट ४२०, झाकण १९०, दोन नळ्या आणि क्लिपा ५६०, कूलंट आणि शुद्ध पाणी ७००, स्विच, रिले व तारांचे काम ८५०. तपासणीचे पैसे वेगळे घेण्यावर काही ग्राहक नाराज असतात असे कळले. माझ्या मते हीच या गॅरेजची खरी शिस्त आहे. तपासणी फुकट असेल तर गॅरेजला आपला वेळ भाग विकून वसूल करावा लागतो, आणि मग जो भाग महाग तोच नादुरुस्त निघतो. आधीच्या दोन वर्षांत मी या एकाच तक्रारीवर नऊ हजारांच्या आसपास खर्च केले होते आणि कोणीही तपासणीचा एक रुपयासुद्धा मागितला नव्हता.

आता उणिवांविषयी. चार दिवसांत गाडी देतो असे सांगून नऊ दिवस लागले. त्यातील एक दिवस अमावास्येचा होता, आणि त्या दिवशी गॅरेज बंद असते हे मला ठाऊक असायला हवे होते. परंतु रेडिएटरवाला गावच्या जत्रेला गेल्यामुळे तीन दिवस गेले, हे मी स्वतः साताऱ्याहून वाईपर्यंत जाऊन विचारल्यावर कळले. त्यासाठी एक फोन पुरेसा होता. बिल साध्या कागदावर हाताने लिहिलेले मिळते, आणि नव्या भागांची वेष्टने व काढलेले जुने भाग मागितल्याशिवाय दाखवले जात नाहीत. मागितल्यावर मात्र सर्व काही एका डब्यात नीट ठेवलेले निघाले. समोरची जाळी बसवताना तिची एक क्लिप तुटली, ती तशीच राहिली आणि खडबडीत रस्त्यावर जाळी खडखडते. बसायला जुन्या जीपचे एक आसन आहे, त्यावर बहुधा आधीच कोणीतरी बसलेले असते. तसेच अलीकडच्या, अनेक सेन्सर आणि संगणकीय प्रणाली असलेल्या गाड्या येथे नेण्यात अर्थ नाही. मिस्त्री स्वतःच अशा गाड्या परत पाठवतात. घाई असलेल्या, रोज गाडीवर अवलंबून असलेल्या माणसानेही दोनदा विचार करावा. पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास निदानाला मी पूर्ण पाच देईन, वेळ पाळण्याला दोनच.

दुरुस्तीला आता चार महिने होत आले आहेत. या काळात मी महाबळेश्वरला दोनदा आणि खंबाटकी घाटातून पुण्याहून एकदा आलो. काटा अर्ध्याच्या वर गेलेला नाही, सरासरी पुन्हा सतरा-अठराच्या आसपास आली आहे, आणि दर रविवारी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, मी प्लॅस्टिकच्या टाकीबरोबरच झाकण उघडून रेडिएटरमधील पातळीही पाहतो. मिस्त्रींनी सांगितलेली गॅस्केटची फेरतपासणी जुलैमध्ये करून घेतली, द्रव निळाच राहिला. त्या वेळी त्यांनी टायमिंग बेल्टच्या कडा झिजल्याचे दाखवून तो बदलायला सांगितले आहे. गाडी दसऱ्यापूर्वी आणावी असा माझा विचार होता, पण खंडेनवमीला सगळी हत्यारे धुऊन-पुसून पूजेला बसतात आणि पुढचे दोन दिवस कोणी पान्याला हात लावत नाही, म्हणून त्यांनी कोजागरीनंतरची तारीख दिली आहे. या वेळी तारीख मी त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहून घेतली आहे.